ओलं सरपण कुठे आहे?

धूर दिसला की आग आहे असं आपण धरतो, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. उलट्या बाजूने मात्र गाडी अडते. आग आहे म्हणून धूर असेलच का? लोहाराने भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा बघा: आग आहे, धुराचा पत्ता नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे न्यायशास्त्र (भारतीय तर्कशास्त्र) शिकणाऱ्याच्या हाती सुरुवातीलाच पडणाऱ्या पुस्तकात, या चुकीला नाव दिलेलं आहे. ‘पर्वतावर धूर आहे, कारण तिथे आग आहे’ हे अनुमान फसतं, कारण त्यात एक ‘उपाधी’ लपलेली आहे. ती म्हणजे ओलं सरपण. जिथे जिथे धूर, तिथे तिथे ओलं सरपण. पण जिथे जिथे आग, तिथे ते असतंच असं नाही. अनुमान ज्या अटीवर उभं होतं, ती अट वाक्यात लिहिलेलीच नव्हती.

वैद्यकीय संशोधनात आज ज्याला कनफाउंडर म्हणतात (कारण आणि परिणाम दोन्हींशी जोडलेला, नजरेआड राहिलेला तिसरा घटक), तो या उपाधीचा जवळचा नातेवाईक. दोन्ही कल्पना तंतोतंत एक नाहीत. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, मोजत नव्हते, नमुने निवडत नव्हते, शक्यतेचा हिशोब करत नव्हते. त्यामुळे ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणणाऱ्यांनी इथे टाळ्या वाजवायचं कारण नाही. पण न लिहिलेली अट हुडकून काढायची सवय तीच आहे, आणि ती सवय आपल्या विज्ञानशिक्षणात जवळपास कुठेच लावली जात नाही.

विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्याला तत्त्वज्ञान कशाला, असं विचारलं की ‘व्यक्तिमत्त्व समृद्ध होतं’ असं गुळमुळीत उत्तर मिळतं. त्याने कुणाचंही मत बदललेलं नाही. रोखठोक उत्तर असं: हातात आकडा आल्यापासून निष्कर्ष लिहीपर्यंत मधे एक पायरी असते. ती उपकरण चढत नाही, माणूस चढतो, आणि बहुधा खाली न बघता. पाय कशावर ठेवतोय हे बघण्याचं काम तत्त्वज्ञानाचं. ते न शिकलेला माणूसही ते काम करतोच, फक्त कच्चं करतो.

याचं सर्वांत महागडं उदाहरण औषधांच्या दुनियेत आहे. रजोनिवृत्तीनंतर बायकांना हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर हृदयविकार टळतो, असं विसाव्या शतकाच्या शेवटी बहुतेक डॉक्टर मानत होते. पुरावा भक्कम दिसत होता. अमेरिकेत 1976 पासून एक लाखाहून अधिक परिचारिकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली जात होती. अशा निरीक्षणांतून दिसत होतं की गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार 40 ते 50 टक्के कमी आहे. नमुना प्रचंड, नोंदी काटेकोर, वय-धूम्रपान-वजन यांची गणिती वजावटही केलेली. गोळ्या लिहून दिल्या गेल्या.

मग मुद्दाम प्रयोग झाला. 50 ते 79 वयाच्या 16,608 बायका, आणि गोळी खरी द्यायची की निष्प्रभ हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. साडेआठ वर्षं चालायचा प्रयोग 2002 च्या जुलैत, सरासरी 5.2 वर्षांनी, थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार कमी व्हायच्या ऐवजी सुमारे 29 टक्के जास्त निघाला, स्तनाचा कर्करोग 26 टक्के जास्त. हे टक्के ऐकून घाबरायला होतं, म्हणून दुसऱ्या मापातही सांगायला हवं: 10,000 बायकांनी वर्षभर गोळी घेतली तर हृदयविकाराच्या 7 घटना जास्त, कर्करोगाच्या 8 जास्त, आणि खुब्याचं हाड मोडण्याच्या 5 कमी. एकाच निकालाची ही दोन रूपं. वर्तमानपत्राने कुठलं छापायचं, हाही आकडेमोडीबाहेरचाच निर्णय.

मग आधीच्या निरीक्षणांत ओलं सरपण कुठे होतं? डॉक्टरकडे नेमाने जाणारी, गोळी परवडणारी, व्यायाम करणारी, स्वतःच्या तब्येतीची काळजी घेणारी बाई हार्मोनची गोळीही घेत होती. हृदय सांभाळलं ते बरंचसं या बाकीच्या गोष्टींनी. काही उपाधी मोजून वजा करता आल्या. जी मोजलीच नव्हती ती वजा कशी करणार?

असल्या उपाधीची ताकद किती असते हे 1980 साली छापून आलेल्या एका निकालावरून कळतं. हृदयरोग्यांना क्लोफायब्रेट नावाचं कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध देऊन बघितलं होतं. ज्यांनी गोळ्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त नेमाने घेतल्या, त्यांच्यात पाच वर्षांत 15 टक्के मृत्यू. टाळाटाळ करणाऱ्यांत 24.6 टक्के. औषध गुणकारी दिसतंय ना? आता निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांचा गट बघा. नेमाने घेणाऱ्यांत 15.1 टक्के, टाळाटाळ करणाऱ्यांत 28.2. ज्या गोळीत औषधच नाही, ती वेळेवर घेणाराही जास्त जगला. नियमितपणाच्या मागे जे काही असतं, त्याचा हा परिणाम.

इथपर्यंतची गोष्ट संख्याशास्त्राच्या चांगल्या पुस्तकात मिळेल, आणि ‘म्हणून चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग श्रेष्ठ’ असं लिहून ते पुस्तक थांबेल. पण हार्मोनची गोष्ट तिथे थांबली नाही. त्या 16,608 बायकांचं सरासरी वय 63 होतं. घाम, झोपमोड, चिडचिड यांसाठी गोळी मागायला येणारी बाई साधारण पन्नाशीची असते. रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या बाईला दहा-बारा वर्षं उशिरा हार्मोन देणं आणि पन्नाशीत देणं एकच आहे का? पुढच्या विश्लेषणांत वयोगटानुसार चित्र वेगळं दिसू लागलं आणि आजचा वैद्यकीय सल्ला तरुण गटासाठी बराच सौम्य झाला आहे. म्हणजे प्रयोगालाही स्वतःची उपाधी होती, ती म्हणजे वय. चिठ्ठ्या टाकल्याने प्रयोगाच्या आतली उपाधी जाते. प्रयोगातून बाहेर, समोर बसलेल्या रुग्णापर्यंत यायचं तर पुन्हा अनुमान करावं लागतं आणि त्याला पुन्हा अट असते. ‘तिथे लागू पडलं’ आणि ‘इथे लागू पडेल’ यांतलं अंतर ओलांडायला कुठलंही सॉफ्टवेअर मिळत नाही.

स्टीफन हॉकिंग यांनी 2010 साली तत्त्वज्ञान मेलं असं जाहीर केलं होतं, कारण म्हणे ते आधुनिक भौतिकशास्त्राच्या मागे पडलं. गंमत अशी की त्याच पुस्तकात पुढे ते सांगतात, प्रारूपापासून (मॉडेलपासून) सुटं असं वास्तव काय आहे हे विचारण्यात अर्थ नाही. प्रारूप निरीक्षणाशी जुळतं का एवढंच बघा. ही भूमिका कुठल्या दुर्बिणीतून दिसली? ती तत्त्वज्ञानातली एक जुनी, वादग्रस्त भूमिका आहे. तिचे विरोधकही आहेत आणि त्यांचे मुद्देही आहेत. ते न वाचता ती घेतली की ती ‘विज्ञानाने सिद्ध झालेली’ वाटू लागते, एवढाच तोटा.

उलट बाजूचा आक्षेप जास्त गंभीरपणे घ्यावा असा आहे: हजारो चांगले शास्त्रज्ञ तत्त्वज्ञानाचं पानही न उलटता काम करतात. खरं आहे. नेहमीचं काम चालू असताना कुणी पायाचे दगड तपासत नाही, तपासूही नये. पण मोजमापच संशयास्पद ठरतं तेव्हा काय करायचं?

तापमापक घ्या. पारा तापमानाच्या प्रमाणातच वर चढतो, हे कशावरून? पडताळायला तापमान मोजावं लागेल, आणि मोजायला हातात पाऱ्याचाच तापमापक. 100 अंशाची खूण उकळत्या पाण्यावर करायची, तर पाणी ठरलेल्या तापमानालाच उकळतं हे कशावरून? महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटर उंचीवर, ते 95-96 अंशांनाच उकळतं. हवेचा दाब सांभाळला तरी भांडं कुठलं, पाण्यात हवा किती विरघळलेली, यावर उकळण्याचं तापमान हलतं. 1776 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समितीच नेमली होती, आणि तिने सुचवलं की तापमापकाचा फुगा पाण्यात बुडवू नका, वाफेत धरा. पाऱ्याचा प्रश्न पुढे 1840 च्या दशकात रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाने सोडवला, तोही अगदी शहाणपणाने. खरं तापमान कोण दाखवतो हा प्रश्नच त्याने बाजूला ठेवला. विचारलं एवढंच: एकाच जातीचे तापमापक आपसांत तरी जुळतात का? पाऱ्याचे, वेगवेगळ्या काचेत भरलेले, 0 आणि 100 वर जुळवून घेतले तरी वरच्या तापमानाला भांडू लागले. हवेचे, वेगवेगळ्या दाबाने भरलेले, जुळले. पाऱ्याला नापास करायला बाहेरचा परीक्षक लागलाच नाही.

हा इतिहास झाला म्हणावं, तर करोनाकाळात घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवावा. तो रक्तातला ऑक्सिजन ‘मोजत’ नाही. 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 चा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार सोडतो, नाडीबरोबर दोन्हींत होणाऱ्या चढउताराचं गुणोत्तर काढतो, आणि ते गुणोत्तर एका तक्त्यात शोधून टक्केवारी दाखवतो. तक्ता येतो कुठून? निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, धमनीतल्या रक्ताशी पडताळून. स्वयंसेवक बहुतांश गोऱ्या कातडीचे असले तर ती गोष्ट तक्त्यात मुरते. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या रुग्णांची आकडेवारी छापून आली: यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीत प्रत्यक्षात 88 च्या खाली असल्याचं प्रमाण गोऱ्यांत 3.6 टक्के, काळ्यांत 11.7 टक्के. पडद्यावरचा ‘94’ हा निव्वळ आकडा दिसतो. त्याच्या आत एक अनुमान आहे आणि त्या अनुमानाला कातडीच्या रंगाची उपाधी आहे. यंत्राची बॅटरी तपासणारे पुष्कळ होते, तक्त्याबद्दल विचारणारे फार थोडे.

सिद्धान्ताविरुद्ध पुरावा आला तर काय करायचं, या प्रश्नावर शाळेत ठोकळेबाज उत्तर मिळतं: सिद्धान्त टाकून द्यायचा. तसं कुणी करत नाही, आणि करूही नये. युरेनस गणितात बसेना तेव्हा न्यूटनला कुणी टाकलं नाही. ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने पलीकडे एक न दिसलेला ग्रह असणार असं मांडून त्याची जागा सांगितली आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. बुधाची कक्षाही शतकाला 43 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) जास्त सरकत होती. त्याच ल व्हेरिएने तीच युक्ती वापरली: सूर्याजवळ ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह. तो कधीच सापडला नाही. 1915 साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला. 2011 साली स्वित्झर्लंडहून 730 किलोमीटरवर इटलीत पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसलं, तेव्हा कुणी आइन्स्टाइनला रजा दिली नाही. पुढे एक फायबर केबल नीट बसवलेली नव्हती असं निघालं.

तिन्ही वेळा पुरावा सिद्धान्ताविरुद्धच दिसत होता, आणि तिन्ही वेळा दोष वेगळ्या ठिकाणी होता: ग्रहांच्या यादीत, नियमात, केबलमध्ये. कारण सिद्धान्त एकटा कधीच कसोटीला उतरत नाही, त्याच्याबरोबर गृहीतकांचं अख्खं वऱ्हाड येतं. मग बचाव कुठला रास्त आणि कुठला पळवाट? एक कसोटी पुष्कळ उपयोगी पडते. बचाव करताना नवी, स्वतंत्रपणे तपासता येणारी गोष्ट पुढे ठेवली का? ल व्हेरिएने आकाशातला पत्ता दिला होता. म्हणूनच नेपच्यून सापडला आणि व्हल्कन खोटा पडू शकला.

या कसोटीचा सर्वांत स्वच्छ वापर महाराष्ट्रातच झाला आहे. 2008 च्या सुमारास जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शाळेत हुशार ठरलेल्या 100 मुलांच्या आणि मतिमंद म्हणून नोंद असलेल्या 100 मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40, सरमिसळ करून. प्रश्न एकच: ही पत्रिका कुठल्या गटातली? कुठली कुणाची याची यादी कुंट्यांकडे. पत्रिका देणाऱ्यालाही ती माहीत नाही. उत्तीर्ण व्हायला 40 पैकी 28. एक्कावन्न जणांनी तयारी दाखवली, 27 जणांची उत्तरं परत आली. सर्वांत जास्त गुण 24, सरासरी 46 टक्के. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका घेतल्या. तिची 102 बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच येतात.

28 हा आकडा कुठून आला हे बघण्यासारखं आहे. निव्वळ अंदाजाने 40 पैकी 28 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 0.8 टक्क्यांच्या आसपास. एका माणसासाठी ही अट कडक आहे. पण 27 जण बसले की त्यांतला किमान एक जण निव्वळ नशिबावर पार होण्याची शक्यता 20 टक्के होते. म्हणजे समजा एखादा ज्योतिषी 28 पत्रिका बरोबर सांगून गेला असता, तर ‘बघा, जमतं!’ म्हणणंही चुकलं असतं. त्याला नव्या 40 पत्रिका देऊन पुन्हा बसवावं लागलं असतं. चाचणी रचणाऱ्याने हे आधी ठरवायचं असतं, निकाल हातात आल्यावर नव्हे.

आणि या चाचणीने काय सिद्ध झालं नाही, हेही तितकंच स्पष्ट बोललं पाहिजे. ‘फलज्योतिष खोटं’ हे एवढ्या मोठ्या अक्षरांत सिद्ध झालं नाही. पत्रिकेवरून बुद्धीचा एवढा ढोबळ फरकही सांगता येत नाही, एवढं झालं. ‘खरे जाणकार यात बसलेच नव्हते’ हा बचाव तर्काने अशक्य नाही. पण त्याला ल व्हेरिएची अट लावा: मग खरे जाणकार कोण हे आधी सांगा, यादी द्या, पुन्हा चाचणी घेऊ. यादी आली तर बचाव रास्त. दर निकालानंतर नवी सबब निघणार असेल तर ती पळवाट. श्रद्धावानांना शिव्या द्यायच्या नाहीत आणि वैज्ञानिकांची आरतीही करायची नाही. एवढी एक अट लावली की पुरतं.

ही अट आपल्या सार्वजनिक व्यवहारात लावली जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 साली ‘ज्योतिर्विज्ञाना’चे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, शास्त्रज्ञ न्यायालयात गेले, आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या निर्णयात हस्तक्षेप करायला नकार दिला. न्यायालयाने तज्ज्ञ संस्थेवर सोपवलं, हे कायद्याच्या चौकटीत समजण्यासारखं आहे. पण ‘विज्ञान’ हा शब्द कुठल्या कामगिरीवर मिळवायचा असतो, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात मागेच राहिला. एक बाजू परंपरा सांगत होती, दुसरी अंधश्रद्धा म्हणत होती. आयोगाकडे 40 पत्रिकांची मागणी झाली असती तर वाद लवकर मिटला असता.

तंत्रज्ञानात ही न दिसणारी पायरी आणखी खोल गाडलेली असते, कारण तिथे निर्णय यंत्र घेतं. रेशनच्या दुकानात ‘अंगठा लागत नाही’ ही तक्रार सगळ्यांना ठाऊक आहे. ठसा जुळतो किंवा जुळत नाही असं यंत्राला कळत नसतं. त्याला कळतो एक गुण: हा ठसा नोंदीतल्या ठशाशी किती सारखा. कितीच्या वर ‘हो’ म्हणायचं, तो उंबरठा कुणीतरी ठरवलेला असतो. उंबरठा वर नेला की तोतया कमी शिरतात आणि खरी माणसं जास्त अडतात. खाली आणला की उलट. वीट-सिमेंटचं काम करून ज्यांच्या बोटावरच्या रेषा झिजल्या आहेत, ते आणि म्हातारे आधी अडतात. एक खोटा माणूस धान्य घेऊन गेला आणि एक खरा माणूस उपाशी परतला, यांतली कुठली चूक किती पटींनी वाईट? याचं उत्तर ठशांच्या कितीही विदेत (डेटात) नाही. रिचर्ड रुडनर या तत्त्वज्ञाने 1953 सालीच म्हणून ठेवलं आहे की पुरावा ‘पुरेसा’ आहे असं ठरवताना वैज्ञानिक मूल्यनिर्णय करतोच, कारण किती पुरेसं हे चुकीची किंमत काय यावर अवलंबून असतं. अभियंता उंबरठ्याचा आकडा टाइप करतो, तेव्हा त्याने हे उत्तर देऊन टाकलेलं असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

‘मग अल्गोरिदम निष्पक्ष करा’ असं म्हणणं सोपं. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा धोका सांगणाऱ्या कॉम्पास नावाच्या प्रणालीवर 2016 साली वाद पेटला. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड परगण्याच्या नोंदींवरून पत्रकारांनी दाखवलं: ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही अशा काळ्या आरोपींपैकी 44.9 टक्क्यांवर ‘धोकादायक’ शिक्का होता, गोऱ्यांत 23.5 टक्क्यांवर. कंपनीचं उत्तर असं की शिक्का बसलेल्यांपैकी पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच आहे. दोघांचे आकडे बरोबर होते. भांडण ‘न्याय्य’ या शब्दावर होतं.

हे कसं शक्य आहे, ते कागद-पेन्सिल घेऊन बघावं. हजार-हजार माणसांचे दोन गट. पहिल्यात 500 जण पुढे गुन्हा करणार, दुसऱ्यात 200. यंत्र दोन्ही गटांत गुन्हा करणाऱ्यांपैकी 60 टक्के पकडतं आणि त्याचा शिक्का दोन्ही गटांत 60 टक्के वेळा खरा ठरतो. याहून समान वागणूक ती काय? आता मोजा. पहिल्या गटात 300 पकडले, म्हणजे एकूण शिक्के 500, म्हणजे 200 निरपराधांवर शिक्का. निरपराध होते 500, तेव्हा 40 टक्के. दुसऱ्या गटात 120 पकडले, शिक्के 200, चुकीचे 80. निरपराध 800, तेव्हा 10 टक्के. कुणी लबाडी केली नाही, तरी निरपराध माणसाच्या वाट्याला येणारा धोका एका गटात चौपट. मुळातलं प्रमाण वेगळं असलं आणि यंत्र अचूक नसलं की दोन्ही अर्थांनी न्याय्य राहणं गणितानेच अशक्य होतं. आणि ते मुळातलं प्रमाण तरी काय मोजतं? गुन्हे की अटका? पोलिसांची गस्त जिथे जास्त, तिथे अटका जास्त. पुन्हा ओलं सरपण.

गणित इथे हात वर करतं आणि सांगतं, दोन न्यायांपैकी एक निवडा. निवडायचं कसं, हे शिकवणारा विषय संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात मूल्यशिक्षण अशा काही नावाखाली असतो, व्याख्या पाठ करून पार पडतो, आणि त्यात हे गणित नसतं.

म्हणून मागणी वेगळ्या पेपरची नाही. प्लेटोपासून कांटपर्यंत नावांची यात्रा काढून अभियंत्याच्या हाती काही लागत नाही. तत्त्वज्ञान विभागांनीही हे कबूल करायला हवं की त्यांच्यातल्या अनेकांनी प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडलेला नाही. पण जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात भारतीय ज्ञान प्रणालीचे 2 क्रेडिट आले आहेत, म्हणजे साधारण 30 तासिका. त्या प्राचीन विमानांच्या गौरवात घालवायच्या की उपाधी, हेत्वाभास (वरवर पटणारं पण सदोष कारण) आणि अन्वय-व्यतिरेक (हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं, अशी पडताळणी) शिकवून त्यांच्या शेजारी हार्मोनच्या गोळ्यांचे आकडे ठेवायचे, हे ठरवणं प्राध्यापकाच्या हातात आहे. संख्याशास्त्राचा आणि तर्कशास्त्राचा असे दोन शिक्षक एका वर्गात उभे राहिले तर उत्तम. परीक्षेत व्याख्या नकोत. एक छापून आलेला दावा द्यावा आणि विचारावं, यातली न लिहिलेली अट शोधा आणि ती तपासायला काय कराल ते सांगा.

सुरुवात मात्र त्याही आधी, जर्नलपासून करता येईल. साध्या लंबकाचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो: उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण तक्ता, निष्कर्ष, सही. एक मीटर दोरा, 20 दोलनं, सुमारे 40 सेकंद, आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण. हाताने स्टॉपवॉच दाबताना 0.2 सेकंदाची चूक सहज होते. 40 सेकंदांत ती अर्धा टक्का, आणि सूत्रात काळाचा वर्ग असल्याने उत्तरात एक टक्का. म्हणजे प्रामाणिक उत्तरं 9.7 ते 9.9 अशी विखुरलेली यायला हवीत. लंबक 20 अंशांपर्यंत ओढून सोडला तर दोलनकाळ पाऊण टक्क्याने वाढतो आणि उत्तर दीड टक्क्याने घसरतं. पाच अंशांच्या आत ठेवला तर हा दोष नगण्य. वर्गातल्या जर्नलांत मात्र ओळीने 9.81 असतं, कारण रीडिंग उत्तरावरून मागे काढलेलं असतं, आणि ‘त्रुटींची कारणे’ या मथळ्याखाली सगळ्यांनी ‘वाऱ्याचा रोध’ लिहिलेलं असतं.

पुण्यात, साडेअठरा अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हे त्वरण 9.78 च्या जवळपास आहे. 9.81 हा 45 अक्षांशाकडचा आकडा. 20 दोलनांत हा फरक पकडता येत नाही. 100 दोलनं मोजली, दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत मिलिमीटरने मोजला आणि कोन लहान ठेवला तर येतो. एखाद्या बाईंनी पुढच्या सत्रात 9.81 लिहिलेल्या जर्नलवर सही करायला नकार देऊन बघावा, आणि पोरांना विचारावं की हा आकडा तुमच्या दोऱ्याने दिला की पुस्तकाने.